ह्यात गहू आहे का?

आमच्याकडे किस्से जमतात ते कॉफीच्या वेळी. चार माणसं बसलेली असतात, कोणीतरी बिस्किटांची बशी पुढं करतं, आणि आमच्यापैकी एकाचा हात सवयीनं पुड्याकडं जातो. पुडा उलटा होतो, चष्मा नाकावर येतो, बारीक अक्षरं वाचणं सुरू! पाहुणा विचारतो, "काय शोधताय?" झालं! मग एक सांगावा लागतो. त्यातून दुसरा निघतो, तो सांगताना वैनी मला दुरुस्त करते, तिसरा किस्सा अण्णा अर्ध्यावर हिसकावून घेतो आणि सगळ्यांची कॉफी गार होते.

आज मी एकटीच सांगतेय, म्हणून कोणी हिसकावायला नाही.

मी तुळसा. तंजावूरच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. घरात आम्ही चौघं होतो: माझा मोठा भाऊ अण्णा, वैनी, मी आणि अण्णाची लेक सरू. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी, असा आमचा कारभार. हे सगळे किस्से सरूचे. किंवा गव्हाचे म्हणा!

* * *

सरू दोन वर्षांची झाली तरी चालेना. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र ढोलकी. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, सगळं बाहेर. हसायचं तर ती विसरूनच गेली होती. गावातले डॉक्टर झाले, वैद्य झाले, नवस झाले. वैनी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि काही बोलायची नाही. वैनी बोलत नाही म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक!

शेवटी मद्रासला विलायतेहून नव्यानं शिकून आलेला एक मुलांचा डॉक्टर आहे असं कळलं. आम्ही तिघंही सरूला घेऊन गेलो. त्यानं तिला कितीतरी वेळ तपासलं. मग म्हणाला, "हिचा गहू बंद करा. गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो हिच्या आतड्याला सोसत नाही असं मला वाटतं. बार्लीही नको. औषध दुसरं काही नाही. एक कणही पोटात जाता कामा नये."

अण्णा हसायलाच लागला! इतके महिने अडकलेला श्वास एकदम सुटला त्याचा.

"डॉक्टर, आम्ही तंजावूरचे! आमच्या गावात नजर जाईल तिथवर भात. आमच्याकडं गहू आहे कोठे?"

डॉक्टरांनी वैनीला विचारलं, "आज सकाळी काय दिलंत हिला?"

"बिस्कीट. दुधात बुडवून."

"काल?"

"रव्याचं उप्पिट."

"गोडाचं काय देता?"

"शेवयांचं पायसम."

"आणि अशक्त झाली म्हणून?"

"माल्टची पूड. डब्यातली. एरवीपेक्षा दुप्पट."

डॉक्टर प्रत्येक उत्तराला नुसते मान हलवत होते. "बिस्कीट म्हणजे गहू. रवा म्हणजे गहू. शेवया म्हणजे गहू. माल्ट म्हणजे बार्ली, आणि त्या पुडीत गहूही असतो."

वैनी ताडकन उठून उभी राहिली. "रवा म्हणजे गहू? रवा म्हणजे रवा!"

अण्णाचं हसू कुठल्या कुठं गेलं. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुळसा, हा तर वेषांतर करून आपल्या घरात राहत होता की!"

* * *

तेव्हापासून वेषांतर ओळखायचं काम माझ्याकडं आलं. डब्यावरचं इंग्रजी वाचणार कोण? शाळा सुटली की मी थेट चेट्टियारच्या दुकानात. प्रत्येक डबा खाली काढायचा, फिरवायचा, वाचायचा. कुठं लिहिलेलं असे, कुठं नसे. कुठं अक्षरं इतकी बारीक की मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन जाऊ लागले. 'सेमोलिना' म्हणजे आपला रवाच, 'फरिना' म्हणजे पिठी, असे शब्द घरी येऊन डिक्शनरीत बघायचे. इतकी वर्षं मुलींना इंग्रजी कविता शिकवल्या, पण एखाद्या इंग्रजी शब्दानं काळजात धस्स व्हावं असं कवितेत कधी झालं नव्हतं. ते डब्यावरच्या 'माल्ट'नं केलं!

चेट्टियार पहिला आठवडा गप्प बसला. मग म्हणाला, "टीचरम्मा, हे दुकान आहे. लायब्ररी पलीकडच्या रस्त्याला."

मी त्याला सरूची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्यानं चार-पाच डबे माझ्यासाठी वेगळे मांडून ठेवलेले! म्हणाला, "तुमचा त्रास वाचवला. हे सगळे पाप्पाला, तुमच्या पोरीला, चालतील. मी स्वतः पाहिलेत."

मी उलटसुलट करून पाहिले. एकाही डब्यावर आत काय आहे ते छापलेलंच नव्हतं.

"अहो, ह्यांच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही!"

"तेच तर सांगतोय! काही लिहिलेलं नाही, म्हणजे आत काही घातलेलं नाही!"

* * *

गहू बंद केला आणि महिन्याभरात सरू हसली! एका सकाळी वैनीच्या कानातली कुडी ओढून खदखदा हसली. वैनी तिथंच ओट्याशी बसून रडली. पोट उतरलं, मांड्यांवर मांस आलं, भिंत धरून पाऊल टाकू लागली. अण्णा ऑफिसातून येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगे, "काल चार पावलं! आज खांबापर्यंत!"

आणि एकदम सगळं थांबलं. पुन्हा पोट दुखणं, पुन्हा रात्रंदिवस कुरकुर, पुन्हा तोच जुना चेहरा. आम्ही हादरलो. घरात गव्हाचा दाणा नव्हता. रवा, शेवया, बिस्किटं, सगळं गेलेलं. मूल आजारी म्हणून वैनी तिला सारभाताशिवाय काही देत नव्हती. पोट दुखलं की ताकात हिंग कालवून पाजायची. तरी दुखायचंच. मग आणखी थोडा हिंग.

रविवारची सकाळ होती. मी सार फोडणीला टाकत होते. गेल्या महिन्यातच आणलेली, नव्या कंपनीच्या हिंगाची पिवळी पत्र्याची डबी हातात घेतली आणि सवयीनं फिरवली. हो, सवयीनंच! तोवर मी आगपेटीही वाचू लागले होते. डबीच्या कडेनं मुंगीसारखी अक्षरं. उजेडात गेले, भिंग आणलं. हिंग, डिंक, आणि... गव्हाचं पीठ!

मी अशी काही ओरडले, की अण्णा तोंडाला साबण लावलेला न्हाणीघरातून धावत आला. "काय झालं? साप?"

"गहू!"

"कोठे?"

"हिंगात! अरे, हिंगात!"

वैनीनं ती डबी माझ्या हातातून घेतली. "पोट दुखतं म्हणून मी हिंग देतेय," ती हळूच म्हणाली, "आणि हिंगानं दुखतंय!" आणि तिनं ती डबी अशी भिरकावली, की भिंतीवरून पार पलीकडच्या अंगणात.

त्या दिवशी सार बिनहिंगाचं झालं. पुढं चेट्टियारनं कुंभकोणमहून बिनपिठाचा, नुसत्या चिकाचा हिंग मागवून दिला, दगडासारखा. सरू पुन्हा भिंत धरून उभी राहिली, आणि ह्या वेळी भिंत सोडूनही!

पण त्या दिवशीची गंमत राहिलीच. अर्ध्या तासात शेजारच्या मामी डबी घेऊन दारात हजर. "तुमचं पेरुंगायम आमच्या अंगणात पडलं होतं हो. मी वास घेऊन पाहिला. चांगलं आहे की!"

* * *

सरू चार वर्षांची असताना ओरत्तनाडूला वैनीच्या मामेभावाचं लग्न निघालं. लग्न म्हणजे आम्हाला लढाईच. कारण आपल्या लोकांत लहान मूल दिसलं, की त्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. लाडात घालतात बिचारे! किती जणांना समजावणार?

मी युक्ती काढली. डब्यांवर लेबल असतं, तर मुलीवर का नको? एका जाड कार्डावर ठळक अक्षरांत इंग्रजी लिहिलं, 'NO FLOUR PLEASE', आणि पिनेनं तिच्या फ्रॉकवर लावलं. तमिळमध्येही लिहिणार होते, पण तेवढ्यात बस आली.

लग्नघरात विठोजीमामा होते. वैनीचे थोरले मामा, रिटायर्ड तहसीलदार. सगळ्या घरात इंग्रजीचा अधिकार त्यांच्याकडं. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि सगळा मांडव ताब्यात घेतला. आधी सरूच्या वेणीतला मोगरा काढून फेकला. हार घेऊन येणाऱ्या माळ्याला दारातच अडवलं. ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात गजरे होते त्या बायकांना हात वर करून ओरडले, "लांब! लांब व्हा! पोरीला फुलं चालत नाहीत! डॉक्टरनं लिहून दिलंय!"

लग्नघर, आणि फुलांना बंदी! बायका बिचाऱ्या मांडवाच्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. वेणीतली फुलं गेली म्हणून सरूनं भोकाड पसरलं. मामांना दया आली. त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, डोळे पुसले आणि ताटातली एक गरम जिलबी तिच्या तोंडाशी नेली.

वैनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. नऊवारी सावरत ती कशी धावली ते मला अजून दिसतं! दोन पंगती ओलांडल्या, एक समई पाडली, आणि सरूच्या ओठांपासून बोटभर अंतरावर असताना जिलबी हिसकावून घेतली.

"मामा! काय करताय! कार्ड वाचलं नाहीत?"

विठोजीमामा ताठ झाले. तीस वर्षं सरकारी कागद वाचलेला माणूस!

"वाचलं म्हणूनच सगळी फुलं काढायला लावली! जिलबीत कोठे फुलं आहेत?"

* * *

लेबलं बघत वाढलेलं मूल ते. अक्षरंही तिनं डब्यांवरच ओळखली. शाळेत जायच्या आधीच तिला 'व्हीट' वाचता यायचं, 'कॅट' नाही. समोर काहीही आलं, की फिरवून खालची बाजू बघायची. औषधाची बाटली, साबण, माझ्या पावडरचा डबा, रॉकेलचा डबासुद्धा.

तिला भाऊ झाला तेव्हा मी तिला इस्पितळात घेऊन गेले. वैनीच्या कुशीत बाळ, मनगटाला चिकटपट्टी. सरूनं बाळाकडं पाहिलं. मग हलक्या हातानं त्याचं मनगट फिरवलं आणि पट्टीवरची अक्षरं लावून लावून वाचली: आईचं नाव, वजन. बाळाला थोडं कुशीवर करून पाठही बघितली.

मग माझ्याकडं वळून गंभीरपणे म्हणाली, "अत्ते, वजन लिहिलंय. आत काय आहे ते लिहिलंच नाही!"

* * *

साठच्या दशकात मध्येच तांदळाची टंचाई आली. आमच्या तंजावुरात तांदूळ मिळेना, ह्यावर आधी कोणाचा विश्वासच बसेना! रेशनवर गहू येऊ लागला. लोकांना गहू करायचा कसा ते माहीत नाही, खायचा कसा ते माहीत नाही. तेव्हा सरकारनं ठरवलं, की लोकांना गव्हाची गोडी लावायची. सभा घ्यायच्या, चपात्या करून दाखवायच्या. आणि तंजावूरच्या सभेत भाषण करायचं काम कोणाकडं आलं? आमच्या अण्णाकडं!

सरकारी नोकरी. नाही म्हणता येत नाही. बिचारा आठ दिवस आरशासमोर उभा राहून तमिळमध्ये म्हणत होता, "गहू म्हणजे शक्ती! गहू म्हणजे आरोग्य!" वैनी आतून भांडी आपटत होती. तिची काळजी वेगळीच होती. तांदूळ असाच आटत गेला, तर सरूनं खायचं काय?

सभेला मंगल कार्यालय भरलेलं. व्यासपीठावर वरचे अधिकारी, शेजारी स्टोव्हवर तवा. मी सरूला घेऊन पहिल्या रांगेत. चूक तीच झाली! अण्णा उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना रोज गहू द्या!"

सात वर्षांची सरू खुर्चीवर चढून उभी राहिली आणि खणखणीत तमिळमध्ये ओरडली, "अप्पा खोटं बोलतायत! घरी सांगतात, एक कणही नको म्हणून!"

अधिकाऱ्यांनी अण्णाकडं पाहिलं. "ही कोण मुलगी?"

मला वाटलं, गेली नोकरी! पण अण्णानं भाषणाचा कागद घडी करून खिशात टाकला.

"सर, ही माझी मुलगी. हिला गहू सोसत नाही. गव्हानं ही मरता मरता वाचली. गावात हिच्यासारखं दुसरं मूल आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण बाकी आपल्या सगळ्यांना तो सोसतो." मग तो लोकांकडं वळला. "म्हणून मी हात जोडून सांगतो. तुम्ही गहू खा. तुम्ही खाल्लात, तर हिच्या वाट्याला भात राहील!"

मग मागच्या रांगेतून एक म्हातारी मासळीवाली पदर खोचत उठली, थेट स्टोव्हपाशी आली आणि म्हणाली, "द्या तुमची ती चपाती. पाप्पासाठी खाते." आणि रांग लागली! टाळ्या काय, हसणं काय! पीठ संपलं, तवा तापून लाल झाला, तरी बायका हलेनात. अधिकाऱ्यांनी अण्णाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पुढच्या सभेलाही मुलीला आणा!"

म्हातारी अजून चपातीचा पहिलाच घास चावत होती. तो गिळून ती अण्णाला म्हणाली, "अय्या, पाप्पाला नाही सोसत ते बरंच आहे!"

* * *

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटी सांगते, कारण ह्याच्यानंतर दुसरा कोणी ऐकत नाही.

सरू आठ वर्षांची होती. आम्ही दोघी कुंभकोणमहून परत येत होतो. पापनाशमला गाडी थांबली आणि एक बाई कडेवर लेकरू घेऊन आमच्या समोरच्या बाकावर येऊन बसली. लेकरू दोन-अडीच वर्षांचं असेल. तोंड कोमेजलेलं, हातपाय नुसते दांडके, आणि फ्रॉकखाली पोट हे एवढं. मी बघितलं आणि मला आमची दोन वर्षांची सरू आठवली. पण परक्या बाईला काय म्हणायचं? माझं धाडस होईना.

बाईनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, एक बिस्कीट लेकराच्या हातात दिलं. ते तोंडाकडं नेणार, तोच सरूनं झेप घेऊन बिस्कीट हिसकावलं आणि खिडकीतून बाहेर!

लेकरू किंचाळलं. बाई उसळली. "चोर पोरगी! आजारी लेकराच्या तोंडचा घास काढतेस? माणसं आहात की कोण?" सगळा डबा आमच्या अंगावर. एक गृहस्थ तर गार्डला बोलवायला उठले. मी हात जोडतेय, माफी मागतेय. आणि सरू? ती शांतपणे पुडा उलटा करून वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं पुडा त्या बाईपुढं धरला, त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "ह्यात गहू आहे. माझंही पोट असंच होतं. अत्तेला विचारा."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे अजून पेटलेले होते, पण तिनं लेकराला छातीशी ओढलं. "असंच होतं?"

"असंच," मी म्हणाले. "हातपायही असेच. चालत नव्हती. हसत नव्हती."

त्या बाईनं सरूला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. जाड वेण्या, गोबरे गाल, गुडघ्यावर खेळताना पडल्याचं खरचटलेलं. ती एकदम रडायला लागली. तंजावूर येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. मद्रासच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, तपासून घ्या म्हटलं, आमचं घर कुठं ते सांगितलं. गार्डला बोलवायला उठलेले गृहस्थ तिची पिशवी घेऊन खाली उतरले.

मग कितीतरी महिने काही कळलं नाही. मी रोज विचार करायची, गेली असेल का ती मद्रासला? सरू तर उठता बसता विचारायची.

पोंगलनंतरच्या एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. तीच बाई, नवरा, आणि नवऱ्याच्या खांद्यावर एक गुटगुटीत पोर! मी ओळखलंच नाही. बाईनं आत येऊन वैनीचे हात धरले आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, जशा काही सख्ख्या बहिणी. "तेच निघालं, अक्का," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तेच निघालं!" गाडीतून त्यांच्या शेतातल्या तांदळाचं पोतं उतरलं.

पोराला खाली ठेवलं तर ते धावत सुटलं! धावत! अंगणभर दुडुदुडू. वैनीनं घरातली तांदळाची मुरुक्कू, म्हणजे आपली चकलीच, आणली आणि एक त्याच्या हातात दिली. ते मजेत कुरतडत उभं राहिलं.

तेवढ्यात शाळेतून सरू आली. दप्तर टाकलं, दारात उभी राहिली आणि पोराकडं पाहून हसली.

पोरानं तिच्याकडं पाहिलं. कुरतडणं थांबलं. डोळे मोठे झाले. आणि त्यानं मुरुक्कूचा हात हळूच पाठीमागं नेला.